स्मार्ट घराचा डोळा कोणावर?

मुंबई-पुण्याच्या बिल्डरांच्या जाहिरातींत हल्ली 'स्मार्ट होम' हा शब्द ठळक अक्षरांत असतो. दिवे, पंखे, एसी, दाराचे कुलूप, कॅमेरा हे सारे वायफायला जोडायचे आणि मोबाईलवरून किंवा नुसत्या तोंडी हुकमाने चालवायचे, असा हा प्रकार. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ही सोय मोलाची आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु अशा घराला कान-डोळे असतात आणि त्यांनी टिपलेले बरेचसे कंपनीच्या सर्व्हरवर जाते. ॲमेझॉनच्या 'रिंग' कॅमेऱ्यांतून कंपनीच्याच माणसांनी ग्राहकांच्या खाजगी चित्रफिती पाहिल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ठेवला. ५८ लाख डॉलर भरून कंपनीने प्रकरण मिटवले. शिवाय कंपनीने सेवा बंद केली की विकत घेतलेले यंत्रही निकामी! २०१६ मध्ये 'रिव्हॉल्व्ह'चे तेच झाले.

हे झाले मालकाचे तोटे. प्रस्थापितांची चर्चा बहुधा येथेच संपते.

त्या घरात रोज भांडी घासायला, लादी पुसायला येणाऱ्या घरकामगार भगिनीचे काय? मालकाने कॅमेरा स्वतःच्या मर्जीने लावला. तिला कोणी विचारले? कित्येक सोसायट्यांत गेटवरच्या ॲपमध्ये तिचा फोटो, मोबाईल नंबर, येण्याजाण्याची वेळ नोंदली जाते, वर तिला गुणही दिले जातात. एका घरी खटका उडाला की त्याचा शेरा दहा घरांत पोहोचणार. पगार बुडवणाऱ्या मालकिणीला मात्र कोणी गुण देत नाही! वेगळा कप, वेगळी लिफ्ट पाळणाऱ्या मनुवादी मनाला आता यंत्राची जोड मिळाली आहे. चोरी झाली की पहिला संशय कोणावर, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको.

कायदा काय म्हणतो? २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क झोपडीत राहणाऱ्या बाईचाही आहे. परंतु २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, कलम ३ अन्वये, व्यक्तीने खाजगी वा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती कक्षेबाहेर ठेवली. म्हणजे कायदा घराच्या उंबऱ्यावर थांबतो, आणि ज्या बाईचे कामाचे ठिकाणच दुसऱ्याचे घर आहे ती उघड्यावर पडते. ही सूट सोसायटीला आणि ॲप कंपनीला मात्र नाही, हे आपल्या वकिलांनी ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे; त्यातच कॅमेऱ्याची पूर्वसूचना आणि ॲपवरील शेरा खोडण्याचा हक्क घालावा, अशी मागणी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

आपल्यातलाही नोकरदार वर्ग आता फ्लॅटमध्ये राहतो, कॅमेरे लावतो. त्याने कायद्याची वाट कशाला पाहावी? कॅमेरा कोठे आहे हे कामाला येणाऱ्या ताईंना पहिल्याच दिवशी दाखवावे, आणि आळ आलाच तर पोलिसांआधी चित्रफीत त्यांना पाहू द्यावी.