सिद्धी आणि घात : मालेगावच्या प्रेक्षकाविषयीचे दोन सोयीचे गैरसमज

12 नोव्हेंबर 2023 रोजी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ‘टायगर 3’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. ‘एक था टायगर’ (2012) आणि ‘टायगर जिंदा है’ (2017) यांच्यानंतरचा हा तिसरा भाग. नायक नावाला गुप्तहेर, पण सामर्थ्याने अतिमानवच. नाशिक जिल्ह्यातील मालेगावच्या मोहन चित्रपटगृहात सलमान खानच्या दर्शनाने बेभान झालेल्या काही चाहत्यांनी भर प्रेक्षागारात फटाके आणि अग्निबाण उडविले. शेजारचे प्रेक्षक जीव मुठीत धरून बाजूला पळाले. पोलिसांनी गुन्हा नोंदविला. दुसऱ्या दिवशी स्वतः नायकाला, हा प्रकार धोक्याचा आहे, चित्रपट स्वतःला व इतरांना संकटात न घालता पाहावा, असे आवाहन करावे लागले. या घटनेकडे पाहण्याच्या ज्या दोन दृष्टी आपल्या समीक्षेत सहज उपलब्ध आहेत, त्या दोन्ही तिच्यातील प्रेक्षकाला पारखून घेण्याचे टाळतात.

पहिली दृष्टी अभिजनांची. तिच्या मते असा प्रेक्षक भाबडा असतो. पडदा आणि वास्तव यांतील भेद त्याला कळत नाही. या मताच्या पुष्टीसाठी दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ (1917) या चित्रपटाची आख्यायिका हमखास पुढे केली जाते : राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढीत. यावरून तो प्रेक्षक चित्राला देव समजत होता, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी देवळात जाणाऱ्या माणसाचा तरी विचार करावा. मूर्ती पाथरवटाने घडविली आहे हे त्याला ठाऊक असते, आणि तरीही तो हात जोडतो. ठाऊक असणे आणि हात जोडणे यांत त्याला विसंगती दिसत नाही. ती दिसते समीक्षकाला.

फाळके यांना मात्र आपला प्रेक्षक नीट कळला होता. नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीच्या ‘कालियामर्दन’ (1919) या चित्रपटात कृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. चित्रपटाच्या आरंभी ही सात वर्षांची मुलगी मुलगी म्हणूनच समोर येते, चेहऱ्यावरील निरनिराळे भाव करून दाखविते, आणि मग कृष्ण होते. भाबड्या प्रेक्षकाला फसवू इच्छिणारा दिग्दर्शक असे करणार नाही. ‘ही मंदाकिनी आहे आणि हा कृष्ण आहे’ ही दोन्ही ज्ञाने प्रेक्षकाच्या ठिकाणी एकाच वेळी नांदू शकतात, हे गृहीत धरूनच तो भाग रचलेला आहे. न. चिं. केळकर यांनी 1921च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’चा सिद्धान्त मांडला : आस्वादक परभूमिकेशी समरस होतो, पण स्वभूमिका सोडीत नाही. या सिद्धान्तावर पुढे आक्षेप घेतले गेले. तरीही, ज्या अवस्थेला केळकरांनी नाव दिले ती नाशिकच्या मूकपटात आधीच आकाराला आली होती, एवढे मान्य करावे लागेल. मालेगावचा चाहताही याला अपवाद नाही. तो टाळी वाजवितो ती ‘टायगर’ या पात्राला नव्हे, तर सलमान खान या नटाला. म्हणजे नट आणि पात्र यांतला भेद त्याला पक्का ठाऊक आहे.

अज्ञान हेच उन्मादाचे कारण असते, तर शिक्षितांच्या देशात तो आढळला नसता. 2012 साली बॅटमॅन-त्रयीचा अखेरचा चित्रपट ‘द डार्क नाइट रायझेस’ येऊ घातला होता. त्याच्याविषयी प्रतिकूल परीक्षणे लिहिणाऱ्या अमेरिकन समीक्षकांना चाहत्यांनी जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. ‘रॉटन टोमॅटोज’ या परीक्षणे संकलित करणाऱ्या संकेतस्थळाला त्या चित्रपटावरील वाचकांचे अभिप्राय बंद ठेवावे लागले. चित्रपट तोवर सार्वत्रिक प्रदर्शित झालाही नव्हता; म्हणजे धमक्या देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेलाही नसणार. हे लोक संगणक वापरणारे, वाचता-लिहिता येणारे होते. त्यांना कोणी ‘अडाणी’ म्हटले नाही. ते विशेषण यंत्रमागाच्या गावासाठी राखून ठेवलेले असते.

दुसरी दृष्टी पहिलीवर रागावलेली आहे, आणि म्हणून ती अधिक फसवी आहे. बाख्तिनच्या लोकोत्सवाच्या कल्पनेची चार वाक्ये हाताशी धरून ती फटाक्यांत प्रतिकार पाहते. एकपडदा चित्रपटगृहातील गोंगाट म्हणजे बहुपडदागृहाच्या शिस्तबद्ध उपभोगाला श्रमिकांनी दिलेले उत्तर, असे तिचे म्हणणे. पण प्रतिकार कोणाचा, आणि कोणाविरुद्ध? ज्यांच्या अंगावर ठिणग्या पडल्या ते धनिक नव्हते. त्यांनीही त्याच खिडकीवर तिकीट काढले होते. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात ‘बॉर्डर’ चालू असताना आग लागली आणि 59 माणसे मरण पावली, त्यांतील बहुतेक धुराने गुदमरून. त्या आगीचे कारण वेगळे होते. परंतु बंद प्रेक्षागारात धूर काय करतो, हे त्यानंतर कोणाला सांगावे लागू नये. दुसऱ्याच्या श्वासाच्या किमतीवर साजरा होणारा उत्सव ‘लोकां’चा कसा, याचे उत्तर या पंथाने दिलेले नाही.

या दोन्ही दृष्टींना आवश्यक तो विवेक भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. अभिनवगुप्ताच्या एकाग्र सहृदयाचे गोडवे गाताना सत्ताविसाव्या अध्यायातील सिद्धिविचार आपल्या विद्यापीठीय समीक्षेने जवळजवळ टाकून दिला. भरताला गोंगाटाचे वावडे नाही. प्रेक्षकाचे हसणे, साधुकार देणे, हळहळणे, रोमांचित होणे, आसनावरून उठणे, वस्त्रे आणि अंगठ्या नटाकडे फेकणे यांची गणना तो ‘मानुषी सिद्धी’त करतो, म्हणजे हे प्रयोगाच्या यशाचेच निकष होत. मालेगावातील शिट्ट्या, टाळ्या, खुर्चीवर उभे राहणे यांना या शास्त्रात सन्मानाचे स्थान आहे. मात्र त्याच अध्यायात भरत ‘घात’ही सांगतो. वारा, आग, पाऊस, हत्ती, साप यांनी होणारे विघ्न हा दैवी घात. द्वेष्ट्यांनी घातलेला गोंधळ, फेकलेली ढेकळे हा परकृत घात. आग दैवी घातांत येते, कारण प्रेक्षक स्वतःच प्रेक्षागारात अग्नी आणील ही शक्यता त्या यादीने धरलेली नाही. मालेगावात प्रेमापोटी तेच घडले. चाहत्याने सिद्धीच्या हेतूने घात केला. भाबडेपणा किंवा प्रतिकार यांपैकी कोणतेही लेबल लावले, तरी हा भेद पुसला जातो.

आणि हा भेद मालेगावला परका नाही. याच गावात, शुक्रवारी यंत्रमाग बंद असताना चित्रपट पाहणाऱ्या लोकांतून, नासिर शेख यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ केला आणि पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (2008) या अनुबोधपटात त्या निर्मितीची हकिकत आहे. सुपरमॅन म्हणजे यंत्रमागावरचा एक काटकुळा कामगार. कॅमेरा फिरविण्यासाठी सायकल, उंच नेण्यासाठी बैलगाडी, उड्डाणासाठी हिरवे कापड. परदेशी अतिमानवाला या मंडळींनी गावातल्या घाणीशी आणि तंबाखूशी झुंजायला लावले. हाही चाहत्याचाच प्रतिसाद आहे. किंबहुना तो समीक्षाच आहे, कारण त्यात मूळ कृतीचे प्रेम आणि तिच्यातील पोकळपणाची जाण एकत्र नांदतात. 2025 साली ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाल्यावर या प्रयत्नांचे कौतुक सर्वत्र झाले. परंतु तेही ‘निरागस धडपडीचे’ कौतुक होते. म्हणजे भाबडेपणाचा आरोप कायमच राहिला, फक्त तो लाडाने केला गेला.

ज्या गावाला सुपरमॅनचे विडंबन करता येते, त्या गावाला पडदा म्हणजे काय हे कळते. आणि ज्याला ते कळते, त्याने प्रेक्षागारात लावलेल्या अग्नीची जबाबदारीही त्याचीच असते. दयेच्या किंवा क्रांतीच्या भाषेत त्याला या जबाबदारीतून सोडविणे हा त्याचा अवमान आहे. सहृदयाकडून समीक्षा ज्या विवेकाची अपेक्षा करते, त्याच विवेकाची अपेक्षा तिने मालेगावच्या प्रेक्षकाकडून करावी. आजवर तिने ती केलेली नाही, आणि यालाच ती सहानुभूती म्हणत आली आहे.