पाच कसोट्या आणि सहा करंडक

नाताळच्या सुट्टीत माझा भाचा डोंबिवलीहून आमच्याकडे राहायला आला. सोबत क्रिकेटची बॅग होती, पण चार दिवसांत तिची चेन एकदाही उघडली गेली नाही. एरवी हा मुलगा आला की आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली चेंडू भिंतीवर आपटण्याचा आवाज सुरू होतो आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी तक्रार घेऊन येतात. या वेळी आजींनीच विचारले, "पोरगं आजारी आहे का हो?"

आजारी नव्हता. शाळेच्या संघात त्याची निवड झाली होती, पण दुसरा यष्टिरक्षक म्हणून. पंधरा जणांत नाव, अकरा जणांत नाही. चार सामने झाले आणि चारही सामन्यांत त्याने पाण्याच्या बाटल्या नेल्या. फलंदाज जास्त झाला तर पाचव्या-सहाव्या क्रमांकावर खेळवता येतो, गोलंदाज जास्त झाला तर चार षटके टाकायला मिळतात. पण यष्टीमागे जागा एकच. "मामा, ती जागा भरलेली असेल तर दुसऱ्याने करायचं काय?" असे त्याने मला विचारले. दहावी तोंडावर आलेली, त्यामुळे बहिणीचे उत्तर तयार होते: सोडून दे.

मी त्याला चंद्रकांत पंडित हे नाव सांगितले. आजकालच्या मुलांप्रमाणे त्याने लगेच मोबाइल काढला, आकडे पाहिले आणि म्हणाला, "पाच कसोट्या? फक्त पाच?"

हा लेख त्या "फक्त"चे उत्तर आहे.

एका जागेचे दोन दावेदार

सन १९८६ च्या सुरुवातीला सय्यद किरमाणी यांची ८८ कसोट्यांची प्रदीर्घ कारकीर्द संपली. त्याआधी वर्षभर, ऑस्ट्रेलियातल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सदानंद विश्वनाथ या तरुणाने यष्टीमागे धमाल उडवून दिली होती. पण त्याची कसोटी कारकीर्द तीन सामन्यांतच आटोपली. जागा रिकामी झाली आणि दोन मराठी मुले तिच्यासमोर उभी राहिली. बडोद्याचा किरण मोरे आणि मुंबईचा चंद्रकांत पंडित.

दोघांच्या वयात वर्षभराचेच अंतर. दोघांचे कसोटी पदार्पणही एकाच महिन्यात, जून १९८६ मध्ये, इंग्लंडच्या दौऱ्यावर झाले. मोरे लॉर्ड्सला यष्टिरक्षक म्हणून उतरला. पुढच्याच, लीड्सच्या कसोटीत पंडित आला, पण निव्वळ फलंदाज म्हणून. ग्लोव्हज मोरेच्याच हातात राहिले. भारताने ती कसोटी २७९ धावांनी जिंकली आणि मालिकाही खिशात घातली. पंडितच्या वाट्याला आल्या २३ आणि १७ धावा. त्याच वर्षी सप्टेंबरात मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती प्रसिद्ध, बरोबरीत सुटलेली कसोटी झाली. त्यातही दोघे एकाच संघात होते. पंडितने ३५ आणि ३९ धावा केल्या. ३९ हीच त्याची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या ठरली.

पुढचा इतिहास मोरेचा आहे. ४९ कसोट्या, १३० बळी. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासलाच नरेंद्र हिरवाणीने पदार्पणात वेस्ट इंडिजचे सोळा गडी बाद केले, तेव्हा त्या सामन्यात मोरेने सहा फलंदाजांना यष्टिचीत केले. हिरवाणीचे नाव सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या वळणाऱ्या चेंडूंमागे बसलेल्या माणसाचे नाव आठवायला मात्र क्षणभर थांबावे लागते. यष्टिरक्षकाच्या नशिबी हे आहेच.

पंडितच्या नशिबी त्याहून थोडे कमी होते. माझ्या पिढीला तो आठवतो ५ नोव्हेंबर १९८७ च्या दुपारी. विश्वचषकाचा उपांत्य सामना, वानखेडे स्टेडियम, समोर इंग्लंड. आमच्या चाळीत रंगीत टीव्ही एकाच घरी होता आणि त्या दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस माणसे. वेंगसरकर आजारी पडला आणि ऐनवेळी पंडितला फलंदाज म्हणून घेतले. गूचने स्वीपचे फटके मारमारून शतक ठोकले होते. पंडित २४ धावांवर पायचीत झाला आणि आपण ३५ धावांनी हरलो. दुसऱ्या दिवशी नाक्यावर प्रत्येकाच्या तोंडी गूच होता, कपिलचा उंच उडालेला फटका होता. पंडितला कोणी दोष दिला नाही आणि श्रेयही दिले नाही. बदली माणसाचे असेच होते.

शेवटची संधी आली १९९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात. सिडनीच्या ज्या कसोटीत शास्त्रीने द्विशतक केले, सचिनने नाबाद १४८ धावा केल्या आणि शेन वॉर्नने पदार्पण केले, त्या कसोटीत यष्टीमागे पंडित होता. त्यानंतर लवकरच आंतरराष्ट्रीय खाते बंद झाले. पाच कसोट्या, १७१ धावा. ३६ एकदिवसीय सामने.

चुकीच्या दशकात जन्म?

आता दुसरा आकडा पाहा. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पंडितच्या आठ हजारांहून अधिक धावा आहेत, शतके बावीस आणि सरासरी ४८ च्या वर. दिवसभर उठाबशा काढून मग फलंदाजीला येणाऱ्या माणसाची ही सरासरी आहे. उठाबशा हा शब्द मी गमतीने वापरत नाही. दिवसाची नव्वद षटके म्हणजे ५४० चेंडू, आणि प्रत्येक चेंडूला एकदा बसायचे, एकदा उठायचे.

आज असा यष्टिरक्षक असता तर? आज निवड समिती पहिल्यांदा विचारते ती फलंदाजी. गिलख्रिस्ट आणि धोनी यांच्यानंतर जगभर हा हिशेब बदलला. सातव्या क्रमांकावर येऊन वीस-पंचवीस धावा करणारा निष्णात यष्टिरक्षक आता कोणालाच परवडत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकात्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत ऋषभ पंत यष्टीमागे होता आणि ध्रुव जुरेल हा दुसरा यष्टिरक्षक निव्वळ फलंदाज म्हणून अकरा जणांत होता. म्हणजे लीड्सचा १९८६ चाच प्रयोग. फरक एवढाच की तेव्हा तो अपवाद होता आणि आज तो धोरणाचा भाग झाला आहे.

त्यामुळे "पंडित चुकीच्या दशकात जन्मला" असे म्हणणे सोपे आहे. क्रिकेटशौकिनांच्या बैठकीत हे वाक्य हमखास ऐकू येते. मला ते पटत नाही. त्यात गृहीत धरलेले असते की कारकीर्द म्हणजे देशासाठी खेळलेले सामने, आणि ते संपले की माणूस संपला. पंडितच्या बाबतीत खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

बंगळुरूची ती संध्याकाळ

मुंबई सोडून पंडित मध्य प्रदेशाकडून खेळू लागला. एकेकाळी इंदूरच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला होता, सी. के. नायडूंच्या काळात, पण ते वैभव १९५२-५३ ला संपले. मध्य प्रदेश या नावाने करंडक कधीच आला नव्हता. १९९८-९९ च्या मोसमात पंडितच्या नेतृत्वाखाली संघ अंतिम फेरीत पोहोचला. सामना कर्नाटकाशी, मैदान बंगळुरूचे चिन्नास्वामी.

वाचकांपैकी ज्यांना रणजीचे नियम माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगतो. अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी त्याचा करंडक. मध्य प्रदेशाने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली होती. शेवटच्या दिवशी जिंकण्याची गरज नव्हती, फक्त टिकायचे होते. ते जमले नाही. विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे फलंदाज एकामागून एक तंबूत परतले आणि हातात आलेला करंडक ९६ धावांनी निसटला.

पुढे पंडित प्रशिक्षक झाला. २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोनदा त्याच्या हाताखाली मुंबईने रणजी जिंकली. २०१५-१६ मध्ये पुन्हा मुंबईच; कर्णधार आदित्य तरे, तोही यष्टिरक्षक. पुढच्या वर्षी इंदूरच्या अंतिम सामन्यात पार्थिव पटेल या आणखी एका यष्टिरक्षकाने १४३ धावांची खेळी करून गुजरातला करंडक मिळवून दिला आणि मुंबई हरली. एक विजेतेपद, एक उपविजेतेपद. तेवढ्यावर मुंबईने पंडितला निरोप दिला.

मुंबईला दुसरा क्रमांक चालत नाही, हा आपल्या शहराचा अभिमान. पण त्या अभिमानाची किंमत कोणी चुकवली? पंडित नागपूरला गेला. विदर्भ सहा दशके रणजी खेळत होता आणि एकदाही अंतिम फेरीत पोहोचला नव्हता. पहिल्याच मोसमात, कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात त्यांनी कर्नाटकाला पाच धावांनी हरवले आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला नमवून करंडक उचलला. त्या अंतिम सामन्यात अक्षय वाडकर या तरुण यष्टिरक्षकाने १३३ धावा केल्या. ते त्याचे पहिलेच प्रथम श्रेणी शतक. पुढच्या वर्षी विदर्भ पुन्हा विजेता. दोन्ही वर्षी इराणी करंडकही त्यांचाच.

मग मध्य प्रदेशाने बोलावले. जून २०२२, अंतिम सामना, मैदान तेच चिन्नास्वामी आणि समोर मुंबई. मध्य प्रदेशाने ५३६ धावा करून पहिल्या डावात १६२ धावांची आघाडी घेतली. पुन्हा तोच प्रसंग: हातात आघाडी आणि शेवटचा दिवस. या वेळी मुंबईच झटपट धावांच्या मागे लागून बाद झाली आणि मध्य प्रदेशाने सहा गडी राखून निर्विवाद विजय मिळवला. तेवीस वर्षांपूर्वी ज्या मैदानावरून कर्णधार रिकाम्या हातांनी परतला होता, त्याच मैदानावर प्रशिक्षकाच्या डोळ्यांत पाणी होते. दूरदर्शनच्या पडद्यावर ते साऱ्या देशाने पाहिले.

प्रशिक्षक म्हणून हा त्याचा सहावा रणजी करंडक.

यष्टीमागून काय दिसते

हे त्याला जमले कसे? माझ्या मते उत्तर त्याच्या जुन्या जागेत आहे. मैदानावर अकरा जणांपैकी दहा जणांची तोंडे एका दिशेला असतात. यष्टिरक्षक एकटाच त्यांच्यासमोर तोंड करून बसतो. गोलंदाजाचे मनगट, फलंदाजाचे पाऊल, स्लिपमधल्याची डुलकी, कव्हरमधल्याचे लंगडणे, सगळे त्याला दिसते. निर्णय त्याचा नसतो. पण निर्णय घेणाऱ्याला हवी असलेली माहिती त्याच्याकडे असते. प्रशिक्षकाचे काम याहून वेगळे काय आहे? आणि ज्याने वर्षानुवर्षे स्वतःच्या संधीची वाट पाहिली, त्याला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या मनात काय चालते हे सांगावे लागत नाही.

पंडितवर टीका झाली नाही असे नाही. तो रमाकांत आचरेकर सरांचा शिष्य. शिवाजी पार्कवर चुकले की ओरडा आणि बरोबर केले तरी कौतुक नाही, ही त्या शाळेची शिस्त. रणजी संघातल्या विशीतल्या मुलांना ती मानवली. आयपीएलमधल्या जगभर खेळून आलेल्या व्यावसायिकांना ती जाचली; एका परदेशी खेळाडूने ते उघडपणे बोलूनही दाखवले. तरीही मे २०२४ मध्ये कोलकात्याने त्याच्याच प्रशिक्षणाखाली दहा वर्षांनी आयपीएल जिंकली. पुढच्या वर्षी संघ आठव्या क्रमांकावर गेला आणि जुलै २०२५ मध्ये दोघांचे मार्ग वेगळे झाले. तीस वर्षांच्या नावाजलेल्या खेळाडूला किती वाजता झोपायचे हे सांगावे का, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याच शिस्तीने नागपूर-इंदूरच्या मुलांना आपण जिंकू शकतो हे पहिल्यांदा पटवून दिले, हेही तितकेच खरे.

आणि ते पटवणे प्रशिक्षक गेल्यावरही टिकले. मार्च २०२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली तेव्हा पंडित तिथे नव्हता. कर्णधार होता इंदूरला पहिले शतक करणारा अक्षय वाडकर. गंमत अशी की वाडकरमुळे ज्याला विदर्भाच्या रणजी संघात जागा मिळेना, तो अमरावतीचा जितेश शर्मा त्याच वर्षी बंगळुरूच्या संघातून आयपीएल विजेता झाला आणि मग बडोद्याला गेला. किरण मोरेच्या बडोद्याला! जागा एकच, दावेदार दोन, आणि दुसऱ्याने शोधलेली वेगळी वाट. चाळीस वर्षांनंतरही गोष्ट तीच आहे.

हे सगळे भाच्याला एका बैठकीत सांगितले असे नाही. दोन-तीन जेवणांच्या वेळी थोडे थोडे सांगितले. त्याने बरेचसे ऐकले, थोडे मोबाइलवर पडताळून पाहिले. मी त्याला खेळत राहा असे म्हटले नाही, कारण तो निर्णय त्याचा आणि त्याच्या आईचा. पाच कसोट्यांपर्यंतही लाखांत एखादाच पोहोचतो, हे त्याला मी स्पष्ट सांगितले. एवढेच सुचवले की पुढच्या सामन्यात बाटल्या घेऊन बसशील तेव्हा वही घेऊन बस. पहिला यष्टिरक्षक कुठे उभा राहतो, कोणता चेंडू त्याच्या हातून सुटतो, ते लिही.

"आणि मग ते कोणाला सांगू?" त्याने विचारले.

"त्यालाच," मी म्हणालो.

हे त्याला फारसे आवडलेले दिसले नाही. पण डोंबिवलीला परत जाताना त्याने आमच्या कपाटातली एक कोरी वही मागून घेतली. निघायच्या दिवशी सकाळी जिन्याखाली चेंडूचा आवाज सुरू झाला आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी तक्रार घेऊन आल्या.