आम्ही नावे ठेवणारी माणसे

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी रोगाचे नाव काढू नये, हे मलाही कळते. पण परवा गंगापूरच्या एस. टी. स्थानकावर दोन भल्या गृहस्थांचे बोलणे कानी पडले आणि माझे हात शिवशिवू लागले. विषय करोनाचा होता. एक म्हणाला, "ती दुसरी लाट अमरावतीवाल्यांनीच आपल्या गळ्यात बांधली!" दुसऱ्याने मान डोलावली. साथ येऊन गेली, माणसे गेली, वर्षे लोटली, आणि आमच्या पदरात ज्ञान पडले ते एवढेच, की दोष कोणत्या गावाचा!

रोगाला परमुलखाचे नाव चिकटवण्याचा खेळ जुनाच आहे. सोळाव्या शतकात भावमिश्राने आपल्या वैद्यकग्रंथात एका ओंगळ व्याधीला 'फिरंग रोग' म्हटले. खुद्द फिरंग्यांत इटलीचे लोक ती फ्रेंचांची व्याधी मानीत, आणि फ्रेंच लोक ती नेपल्सच्या माथी मारीत. १९१८ साली आपल्या पणजोबांनी जी साथ 'मानमोडी' म्हणून ओळखली, तिला जगाने 'स्पॅनिश' म्हटले. का? तर महायुद्धात गुंतलेल्या राष्ट्रांनी आपापल्या वर्तमानपत्रांची तोंडे बांधली होती, आणि तटस्थ स्पेनची पत्रे आजाऱ्यांच्या बातम्या उघड छापीत होती. खरे बोलेल त्याच्या नावावर रोग! त्याच तापाला 'मुंबईचा ताप' म्हणणारेही होते. या सगळ्यांत मला 'मानमोडी' हे नाव शहाणपणाचे वाटते. रोग काय करतो ते त्यात आहे. कोणी आणला ते नाही.

आता अमरावतीचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे रुग्ण एकाएकी वाढले आणि टाळेबंदी झाली. २४ मार्चला केंद्राच्या आरोग्य खात्याने जाहीर केले, की महाराष्ट्रातल्या नमुन्यांपैकी सुमारे १५ ते २० टक्क्यांत दोन विशिष्ट बदल आढळले असून त्यांचे प्रमाण डिसेंबरपेक्षा वाढले आहे. झाले! 'डबल म्युटंट' नावाचा बागुलबुवा घरोघर पोचला. पुढे मे महिन्यात या घराण्याला जग 'इंडियन व्हेरियंट' म्हणू लागले, तेव्हा मात्र आमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. १२ मे रोजी सरकारने या नावाला हरकत घेतली, आणि योग्यच केले. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरे वाटली. आपल्या वाट्याला 'डेल्टा' आला. माझा प्रश्न इतकाच आहे. जो न्याय दिल्लीने लंडनकडे मागितला, तो गंगापूरने अमरावतीला का दिला नाही?

कोणी म्हणेल, "गुरुजी, रागावता कशाला? नवा विषाणू कुठेतरी जन्मला असेलच ना?" जन्मला असेल. पण जन्मतो कसा, ते तर पाहा! विज्ञानाची पदवी माझ्याजवळ नाही. जे समजून घेतले ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो.

या विषाणूची पोथी सुमारे तीस हजार अक्षरांची. पेशीत शिरल्यावर तिच्या नकलांवर नकला निघतात. नक्कल करताना अक्षरे चुकतात. चुका दुरुस्त करणारा एक कारकूनही या विषाणूने पदरी बाळगलेला आहे, तरी काही चुका निसटतातच. बहुतेक चुकांना काही किंमत नसते. एखादी विषाणूच्या पथ्यावर पडते. डेल्टा आला तो या वाटेने. दुसरी वाट अधिक चमत्कारिक आहे. एकाच माणसाच्या एकाच पेशीत दोन निरनिराळे प्रकार एकाच वेळी शिरले, तर नक्कल करणारे यंत्र काही मजकूर एका पोथीवरून उतरवते आणि मध्येच दुसरीवर उडी मारते. याला कोणी संगम म्हणेल, पण आमच्या कायगावला प्रवरा गोदावरीला मिळते तसले हे मिसळणे नव्हे. ही सरळसरळ परीक्षेतली कॉपी आहे! पहिली तीन उत्तरे डावीकडच्या मुलाची, उरलेली उजवीकडच्याची. पेपर तपासताना मी ही लबाडी कशी पकडतो? बरोबर उत्तरांवरून नव्हे, चुकांवरून. पहिल्या पानावर पानिपतचे साल १६७१ दिसले, की समजावे डावीकडचा. तिसऱ्या पानावर 'परिक्षा' ऱ्हस्व दिसली, की उजवीकडचा. शास्त्रज्ञांची रीत हीच. २०२२ साली 'एक्सबीबी' नावाचा प्रकार त्यांनी असाच ओळखला. ओमायक्रॉनच्याच दोन भाऊबंदांच्या पोथ्या त्यात जोडल्या गेल्या होत्या, आणि सांधा पडला होता नेमका त्या काट्याच्या मजकुरात, ज्याच्या बळावर विषाणू पेशीला चिकटतो. नावातल्या 'एक्स'ने असा संकर ओळखला जातो. त्या ऑक्टोबरात तो महाराष्ट्रातही सापडला, आणि २०२३ मध्ये त्याच्या पिलावळीने निम्म्याहून अधिक जग व्यापले.

तो पहिला सांधा कोणाच्या नाकात जुळला? कोणालाच ठाऊक नाही. ज्याच्या नाकात जुळला त्यालाही ठाऊक नसेल; पडसे झाले समजून त्याने काढा घेतला असेल. जितकी माणसे आजारी, तितक्या नकला. जितके प्रकार एकाच वेळी गावात, तितकी कॉपीची संधी. यात गाव कोणते, याला महत्त्व किती? आजारी कमी व्हावेत आणि नवा प्रकार लवकर कळावा, एवढेच आपल्या हाती. आणि तो कळतो कधी? ताप आलेला माणूस आपण होऊन नमुना देईल तेव्हा. ज्या आळीत तापाला बट्टा लागतो, तिथे नमुना द्यायला कोण जाईल?

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मार्च २०२१ मध्ये आमच्या आळीतला, वाळूजच्या कारखान्यात कामाला जाणारा एक तरुण भाडेकरू अमरावतीहून आई-वडिलांना भेटून आला. त्याला ना ताप, ना खोकला. तरी आठ दिवसांत त्याचे आडनाव पुसले गेले आणि तो 'अमरावतीवाला' झाला. नळावर त्याच्या बायकोचा हंडा सर्वांच्या मागे सरकला. मीही मुलांना त्यांच्या दारात खेळायला जाऊ दिले नाही. एप्रिलमध्ये ताप आला तो आळीतल्या जुन्या घरांतून. विचारले तर कोणाला ऊन लागले होते, कोणाला टायफॉइड होता. तपासणीला कोणी गेले नाही. तो हंडा सगळ्यांनी पाहिला होता ना! समोरच्या आजी त्यात गेल्या. आमच्याही घरी चार दिवस ताप होता. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत हाती यंत्र घेऊन दारोदार लोकांचा ताप मोजणारा मी, स्वतःच्या घरातला ताप कोणाला कळू दिला नाही.

जूनमध्ये त्या तरुणाने खोली सोडली. मालक परगावी, म्हणून किल्ली ठेवायला तो आमच्याकडे आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "गुरुजी, एवढी त्यांना द्याल का?" आणि किल्ली माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवून दोन पावले मागे सरला. मी त्याला आत या म्हटले नाही.