रेघ गायब, चोर हजर!

दोस्तांनो, ‘पंधरा दिवसांत सडपातळ व्हा! शंभर टक्के वनस्पतिजन्य!’ अशी जाहिरात तुम्हीही वाचली असेल. वर्गात कुणी ‘ढोल्या’ म्हणून चिडवलं, की असल्या चहाच्या पुडीकडे हात वळतोच. पण थांबा! त्या पुडीत नुसता झाडपालाच आहे, हे कशावरून?

सिब्युट्रामिन नावाचं भूक कमी करणारं एक औषध होतं. १९९७ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पुढे कळलं, की त्यानं नाडीचे ठोके नि रक्तदाब वाढतो. हृदयरोग्यांना तर झटक्याचा धोका! २०१० मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं, २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. संपलं? छे! वजन उतरवणाऱ्या चहा-कॉफीत, कॅप्सुलांत ते चोरून मिसळलेलं पुन्हा पुन्हा सापडलं. पाकिटावर मात्र त्याचं नावही नाही. छातीत धडधडायला लागलं, तरी खाणारा डॉक्टरांना अगदी प्रामाणिकपणे सांगणार, ‘मी कुठलंच औषध घेत नाही!’

प्रयोगशाळेत ही चोरी नक्की पकडता येते. पण तिथली यंत्रं मोठी, महाग. नमुना पाठवून निकाल येईपर्यंत माल खपूनही जातो. म्हणून शास्त्रज्ञांनी जागेवरच तपासणारी छोटी पट्टी तयार केली.

तिची गंमत ऐका. पूड द्रावणात ढवळायची नि थेंब पट्टीवर टाकायचे. पट्टीत त्या औषधालाच नेमकं पकडणारी प्रतिपिंडं असतात, रंगीत कणांना जोडलेली. द्रवाबरोबर ती पुढे सरकतात. वाटेत एका रेषेवर औषधाचे रेणू आधीच बसवलेले असतात. नमुना शुद्ध असेल, तर प्रतिपिंडांचे हात मोकळे. ती तिथं अडकतात आणि रंगीत रेघ उमटते. नमुन्यात औषध पुरेसं असेल, तर हात आधीच भरलेले; रेघ उमटतच नाही! म्हणजे रेघ गायब, तर चोर हजर. पुढची दुसरी रेघ मात्र दोन्ही वेळा दिसलीच पाहिजे. ती नसेल, तर पट्टीच बिघडलेली. सगळं काम काही मिनिटांचं.

पण पट्टी ओळखीचाच चोर पकडते. लबाड लोक रेणूत थोडा फेरफार करतात किंवा दुसरंच औषध घालतात. म्हणून पट्टीवर चोर दिसला नाही, तरी ‘पुडी सुरक्षित’ असं ठरत नाही. आणि दिसला, तरी शेवटचा निकाल प्रयोगशाळेचाच.

तेव्हा वजनाची काळजी वाटत असेल, तर आई-बाबांशी, डॉक्टरांशी बोला, पुडीशी नको. आणि ‘ढोल्या’ म्हणणाऱ्यांनो, त्या पुडीचे पहिले जाहिरातदार तुम्हीच, बरं का!