भाऊबीज आणि हक्कसोडपत्र

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा देणारा कायदा महाराष्ट्राने 1994 साली केला, देशाने 2005 साली. तरीही आपल्याकडे बहिणी आजही हक्कसोडपत्रावर सह्या करून देतात. बदल्यात माहेर तुटत नाही. भाऊबीजेला साडी येते, ओवाळणीच्या ताटात नोट पडते, भाऊ सढळ हाताचा असेल तर मोठी नोट पडते. साडीची किंमत आणि सोडलेल्या जमिनीची किंमत एका कागदावर कोणी मांडत नाही. असा हिशोब करणारी बहीण वाईट ठरते.

जुलै 2024 पासूनच्या योजनेला ‘लाडकी बहीण’ हे नाव ज्याने सुचवलं, त्याला ही रीत चांगली ठाऊक असावी. म्हणून वाईटपणा घेऊन हा हिशोब मांडायला हवा. निदान सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईपुरता तरी.

तिला काय मिळालं ते आधी पाहू. महिन्याला 1500 रुपये, म्हणजे वर्षाला 18,000. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत. उज्ज्वलाची गॅसजोडणी आणि अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन सिलिंडर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार. नंबर लागला असेल तर कुंभारीच्या रे नगरात घर. तिथल्या तीस हजारांपैकी पंधरा हजार घरांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी खुद्द पंतप्रधानांनी केलं. यातलं काहीही खोटं नाही आणि क्षुल्लकही नाही. नवऱ्याच्या हाताकडे न बघता खात्यावर आलेले दीड हजार रुपये म्हणजे काय, हे ज्यांना कधी तशी वेळ आली नाही त्यांनी शिकवू नये.

तरी शिकवणारे आहेतच. हॉटेलात चहा पिताना ‘रेवडी’वर बोलणं ही सध्या सुशिक्षितांची करमणूक झाली आहे. ‘फुकट पैसे दिले की बायका काम करत नाहीत’ हे वाक्य सोलापुरातही ऐकू येतं, आणि ते बोलणाऱ्यांत असेही असतात की ज्यांच्या धंद्याला सरकारचा टेकू आहे. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात. कारखान्यांच्या कर्जाला सरकार थकहमी देतं. इथेनॉल प्रकल्पांच्या कर्जावरच्या व्याजाचा वाटा 2018 पासून केंद्र उचलतं. यंत्रमागाला वीजदरात सवलत आहे. त्यांना मिळतं ते ‘प्रोत्साहन’, बाईला मिळते ती ‘रेवडी’. कारखान्याला थकहमी मिळाल्याने चेअरमन आळशी झाले, अशी चिंता कोणी करत नाही. आणि विडीवाली आळशी झाली असेल तर तिच्या घरी जाऊन बघावं. मांडीवर सूप, बाजूला भिजवलेली पानं, हातात कात्री, आणि पंधराशे खात्यात पडल्यानंतरही तीच बैठक. कारण त्या पैशात तिचं घर चालत नाही.

आता काय गेलं ते पाहू.

1976 साली संसदेने विडी कामगारांसाठी दोन कायदे केले. विडीवर उपकर बसवायचा, तो हजार विड्यांमागे उत्पादकाकडून वसूल करायचा आणि त्यातून विडी कामगार कल्याण निधी चालवायचा, अशी ती रचना होती. त्यातून विडी कामगारांचे दवाखाने निघाले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, घरांना अनुदान मिळालं. रे नगरच्याही आधी, 2006 साली, कुंभारीलाच कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार विडी कामगार स्त्रियांची वसाहत उभी राहिली. तिच्या किल्ल्या द्यायलाही त्या वेळचे पंतप्रधान आले होते. पण त्यामागे नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं काढलेले मोर्चे होते आणि केंद्र, राज्य व कामगार अशा तिघांचा पैसा होता. ते घर बाईला ओवाळणीत पडलेलं नव्हतं.

या निधीचा गुण मोठा साधा होता. बाई विडी वळते, विडीवर पैसा बसतो, तो तिच्याकडे परत येतो. निवडणूक असो नसो, सरकार कोणाचंही असो. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि इतर उपकरांबरोबर हा उपकरही रद्द झाला. योजना कागदावर राहिल्या, पण त्यांचा स्वतःचा झरा आटला. तेव्हापासून त्या अर्थसंकल्पात त्या वर्षी काय पडेल त्यावर चालतात. हेच ते हक्कसोडपत्र. फरक इतकाच की यावर बहिणीची सही नव्हती, आणि बहुतेक बहिणींना ते झाल्याचं कळलंही नाही.

बरं, उपकर गेला तो गेला, निदान करात तरी विडी आणि विडीवाली यांचा न्याय झाला का? जीएसटीत विडीला 28 टक्क्यांत टाकलं. सिगारेटवर त्याशिवाय भरपाई उपकर होता, तो विडीवर ठेवला नाही. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने विडीचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आणायचं आणि तेंदूपत्त्याचा 18 वरून 5 टक्क्यांवर आणायचं ठरवलं. त्याच बैठकीत सिगारेट, गुटखा 40 टक्क्यांच्या रांगेत गेले. विडीला सांभाळून घेण्याचं कारण दर वेळी एकच सांगतात: यावर लाखो गरीब बायकांचं पोट आहे.

पोट आहे हे खरंच. पण कर कमी झाल्याने त्या पोटात काय पडतं? विडीवालीची मजुरी हजार विड्यांमागे ठरते, कराच्या टक्क्यावर नाही. दिवसाला हजार विड्या अनेकींच्या एकट्याने होत नाहीत, शाळेतून आलेल्या मुलीचा हात लागतो. माल कारखान्यात दिला की काही विड्या खराब ठरवून बाजूला काढतात. ती छाट तिच्या मजुरीतून जाते. कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणून मजुरी आपोआप दहा रुपयांनी वाढावी, असा कोणताही नियम कुठे नाही. करसवलत उत्पादकाला मिळते आणि विडी ओढणाऱ्याला स्वस्त विडी मिळते. अर्जावर नाव तेवढं बाईचं. स्वस्त विडी ही सरकारी सबसिडीच आहे, आणि राज्यातली ही एकमेव सबसिडी असावी जी घेणाऱ्याच्या फुफ्फुसात जाते.

ती घेणारा कोण? हमाल, बांधकामावरचा मजूर, शेतमजूर. पुष्कळदा त्याच विडीवालीचा नवरा. अर्थतज्ज्ञ रिजो जॉन यांनी 2017 या वर्षासाठी विडीमुळे होणाऱ्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा भार मोजला, तो निघाला सुमारे 80 हजार कोटी रुपये, देशाच्या सकल उत्पन्नाच्या जवळजवळ अर्धा टक्का. जीएसटीपूर्वीच्या अखेरच्या वर्षात विडीवरच्या अबकारी करातून आले होते चारशे-सव्वाचारशे कोटी. ऐंशी हजार कोटींचं नुकसान ज्या घरांमध्ये वाटलं जातं, ती घरं रे नगरातली आणि दत्त नगरातली आहेत.

आणि विडी न ओढणारी बाई? ती ज्या खोलीत पानं कापते आणि तंबाखू भरते, त्याच खोलीत स्वयंपाक होतो, तिथेच बाळ झोपतं. तंबाखूची धूळ भांड्यांवर बसते तशी छातीतही बसते. खोकला, दम, मान-पाठीची दुखणी, डोळ्यांची जळजळ, हे या कामाचे नेहमीचे सोबती. यातलं जवळजवळ काहीही पाच लाखांच्या आरोग्य योजनेत बसत नाही. ती योजना ठरावीक शस्त्रक्रियांची आणि दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. दर महिन्याला लागणारी दम्याची औषधं, तपासणीसाठी बुडालेली मजुरी, रिक्षाचं भाडं, यांना तिथे जागा नाही. म्हणजे फुफ्फुस पुरतं निकामी झालं की सरकार हजर, आणि निकामी होत असताना बाई एकटी. याच मधल्या दुखण्यांसाठी विडी कामगारांचा दवाखाना होता.

ऑगस्ट 2023 मध्ये राज्याने सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत केल्याची मोठी जाहिरात झाली. तो निर्णय होता सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांचा. सोलापूरकर ज्याला ‘सिव्हिल’ म्हणतात ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं. सरकार एकच, पण खातं वेगळं. छातीत दुखणाऱ्या बाईने आधी मंत्रालयातली खाती पाठ करावीत, अशी अपेक्षा दिसते.

महागाईचं बोलताना गॅस आणि तेल आठवतं, पाणी आठवत नाही. उजनीचं धरण या जिल्ह्यात, 2016 च्या पहिल्या यादीत आलेली स्मार्ट सिटी इथेच, आणि नळाला पाणी मात्र वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी बाईचे दोन-तीन तास भरण्यात जातात, म्हणजे तेवढ्या विड्या कमी. साठवलेलं पाणी गढूळलं की जार विकत, किंवा पोरांना जुलाब आणि डॉक्टरची फी. पंधराशेतला एक भाग असा महापालिकेचं अपुरं काम भरून काढण्यात जातो. भावाने एका हाताने दिलेलं दुसऱ्या भावाच्या नाकर्तेपणात वाहून जातं.

या सगळ्यावर कडी म्हणजे वयाची अट. लाडकी बहीण 21 ते 65 वर्षांपर्यंतच लाडकी असते. तोवर कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असलं की ती गरीब. पासष्टी उलटली की तिने श्रावणबाळ योजनेकडे जायचं, आणि तिथे उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला 21,000 रुपये. म्हणजे महिन्याला 1750. वाढदिवसाच्या एका रात्रीत गरिबीची व्याख्या अडीच लाखांवरून एकवीस हजारांवर येते. बारावा भाग! वयोश्री योजनेचे एकरकमी तीन हजार मिळाले तर मिळाले. भविष्य निर्वाह निधीत नाव असेल तर पेन्शन. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकाही त्या कायद्याने कामगारच आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच सांगितलं. त्या पेन्शनची किमान रक्कम 2014 पासून एक हजार रुपयांवर थांबली आहे. आणि जिने आयुष्यभर दुसरीच्या कार्डावर माल दिला, तिच्या नावावर तेवढंही नाही. म्हातारपणीही बाई सूप मांडीवर घेऊन का बसते, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

मग काय करावं? लाडकी बहीण बंद करा, असं मी म्हणत नाही. उलट ती ताटातली नोट न राहता कायद्यातली तरतूद व्हावी. निवडणुकीआधी 2100 चं आश्वासन, निवडणुकीनंतर अपात्रांची छाननी आणि ई-केवायसीच्या रांगा, हा खेळ बंद व्हावा. हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक महाराष्ट्राला कोणी बाहेरून शिकवायला नको. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी राज्यभर पोचली, पुढे तिचा कायदा झाला, आणि तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. काम मागणाऱ्याला काम द्यावंच लागे, नाही तर भत्ता. खडी फोडणाऱ्या बाईला तेव्हा कोणी लाडकी म्हटलं नाही, पण तिचं नाव कायद्यात होतं आणि तिच्यासाठीचा पैसा बाजूला काढलेला होता.

तीच रीत विडीला लावावी. विडीवरचा कर कमी न करता वाढवावा आणि वाढीचा ठरावीक हिस्सा कायद्याने विडी कामगारांसाठी बाजूला काढावा: दवाखाने पुन्हा नीट चालवायला, पासष्टीनंतरच्या पेन्शनला, आणि ज्यांना हे काम सोडायचं आहे त्यांना दुसरं काम शिकेपर्यंत मजुरी द्यायला. सोलापुरात शाळेच्या गणवेशाचा मोठा धंदा आहे, शिवणाऱ्या हातांची त्याला गरज असते.

यावर ठरलेला आक्षेप येईल: कर वाढला तर कारखाने बंद पडतील, बायका उपाशी मरतील. बंद पडण्याचा धडा या गावाने आधीच घेतला आहे. जुनी मिल बंद पडली, नरसिंग गिरजी पडली, लक्ष्मी-विष्णू पडली. तेव्हा कामगारांसाठी आधी काही बाजूला काढलेलं नव्हतं, म्हणून गिरणीतला माणूस हमाली करू लागला आणि त्याची बायको विडीकडे वळली. विडीही आज ना उद्या जाणार. पुढच्या पिढीतल्या मुलींना हे काम नको आहे आणि त्यांच्या आयांनाही ते मुलींसाठी नको आहे. ज्यांना विडी कामगारांचा खरोखर कळवळा आहे, त्यांनी स्वस्त विडीची वकिली सोडून या निधीची करावी. कारखानदार संघटनांनी पुढच्या वेळी बायकांना मोर्चात पुढे उभं केलं, की करसवलतीतला हजारी किती रुपये हिस्सा मजुरीत घालणार, हा आकडा आधी लेखी मागावा.

आणि राज्यकर्त्यांनी पुढच्या भाऊबीजेला ओवाळून घ्यायला यावं, जरूर यावं. येताना 2017 साली बंद केलेल्या उपकराच्या जागी काय ठेवलं, त्याचा कागद सोबत आणावा. पासष्ट वर्षांच्या बहिणीला पुढच्या महिन्यापासून काय मिळणार, तेही त्यावर लिहिलेलं असावं.