‘दिसलंच नाही नं सर!’

गाडी मागे घेताना पोराची सायकल चिरडली. ‘दिसलंच नाही.’ डावीकडे वळताना मोपेडवाल्याला नालीत घातलं. ‘दिसलाच नाही.’ वळणावर म्हाताऱ्या बाईला आरसा लागला. ‘दिसल्याच नाहीत हो.’

आपल्याकडे हे वाक्य उच्चारलं की निम्मं प्रकरण मिटतं. जमलेली माणसंही माना डोलावतात. ‘जुनी व्हॅन आहे भाऊ, तिच्यातून मागचं दिसत नाही,’ असं कोणीतरी समजुतीने सांगतं, आणि मग सगळे मिळून त्या पोरालाच विचारतात, ‘तुला नाही दिसलं का रे, गाडी मागं येऊन राहिली ते?’ म्हणजे ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला न दिसण्याची सवलत आणि ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला दिसण्याची सक्ती!

माझं म्हणणं अगदी उलट आहे. ‘दिसलं नाही’ हा बचाव नव्हेच, ती कबुली आहे. आपल्या गाडीतून अमुक जागा दिसत नाही हे ज्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, त्याने त्या जागेवर गाडी घातली, तर त्याने न बघता घातली एवढाच त्याचा अर्थ होतो.

कोणी म्हणेल, गुरुजींना गाड्यांतलं काय कळतं? तर मंडळी, माझ्याकडे १९९८ सालची ओम्नी आहे. पंधरा वर्षं झाल्यावर आणि पुढे दर पाच वर्षांनी तिची नोंदणी रीतसर नूतनीकरण करून मी ती आजही शेगाव-खामगाव रस्त्यावर चालवतो. १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली आणि पुढे ओम्नी झालेली ही गाडी २०१९ साली कंपनीने बंद केली, पण आमच्या भागात ती अजून धावते आहे. त्याआधीची पिढी मेटॅडोरची. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ही जर्मन बनावटीची व्हॅन इतकी रुळली की पुढे कुठल्याही कंपनीच्या चौकोनी गाडीला लोक मेटॅडोरच म्हणू लागले. लग्नाचं वऱ्हाड, कापसाचे व्यापारी, बँडवाले, सगळे तिच्यातूनच गेले. तेव्हा या गाड्यांबद्दल मला आकस नाही, उलट जिव्हाळाच आहे. राग आहे तो त्यांच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या बेपर्वाईचा.

आधी या गाडीतून काय दिसतं आणि काय दिसत नाही ते नीट पाहू. चालक पुढच्या चाकांवर बसतो, पुढे लांब बॉनेट नाही, त्यामुळे नाकासमोरचा रस्ता या गाडीत कित्येक नव्या मोटारींपेक्षा चांगला दिसतो. फसगत इथेच होते. समोरचं इतकं स्वच्छ दिसतं की आपल्याला सगळंच दिसतंय असा भ्रम होतो. पण मागच्या काचेची खालची कड माझ्या कमरेच्या वर येते. मी एकदा पाण्याची बादली गाडीच्या मागे ठेवून नातवाला ती हळूहळू मागे सरकवायला लावली आणि स्वतः चालकाच्या जागेवर मान वळवून बसलो. बादली दिसायला लागली तेव्हा ती गाडीपासून सात पावलं लांब गेली होती. सात पावलं! तेवढ्या जागेत अंगणवाडीचा अख्खा वर्ग बसतो. आपापल्या गाडीमागे हा प्रयोग प्रत्येकाने करावा. पाच मिनिटं लागतात आणि झोप उडते.

डावी बाजू तर आणखी वाईट. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, चालक उजवीकडे बसतो, म्हणजे पायी चालणारा, सायकलवाला, भाजीची गाडी ही सगळी दुबळी मंडळी चालकापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात. सरकतं दारही त्याच बाजूला, लेकरं उतरतात तीही तिथेच. आणि आपल्याकडच्या कित्येक स्वस्त मोटारी वर्षानुवर्षं फक्त उजव्या आरशावर विकल्या गेल्या. डावा आरसा म्हणजे हौस, असाच समज होता. आजही कितीतरी जुन्या व्हॅनच्या डाव्या बाजूला आरसा नसतो, किंवा असतो तो घडी घालून ठेवलेला, गल्लीत घासू नये म्हणून. आरसा घासू नये ही काळजी, माणूस घासला तर चालेल!

आरसा असला तरी तो समजून घ्यावा लागतो. सपाट आरशात अंतर खरं दिसतं पण रुंदी थोडी. बहिर्गोल आरशात रुंदी पुष्कळ पण माणूस लहान आणि लांब भासतो. त्यात बारीक दिसणारी मोटरसायकल प्रत्यक्षात खांद्याशी आलेली असते. शिवाय बहुतेकांनी आरसा असा लावलेला असतो की निम्म्या भागात स्वतःच्याच गाडीचा पत्रा दिसतो. स्वतःला बघण्याची आपल्याला हौस फार! पत्र्याची बारीक कड दिसेल एवढंच ठेवून आरसा बाहेर फिरवला तर निम्मा आंधळा कोपरा उजेडात येतो. याला पैसा लागत नाही. उरलेल्यासाठी मान वळवावी लागते. माझ्या वयात ती पूर्वीसारखी वळत नाही, म्हणून मी कमरेतून वळतो, पण वळतो.

यावर एक पंडिती उत्तर येतं. ‘सर, निसर्गानेच माणसाच्या डोळ्यात आंधळा ठिपका ठेवला आहे, मग गाडीचं काय घेऊन बसलात?’ खरं आहे. डोळ्यातली नस जिथून मेंदूकडे निघते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. त्याला अंधबिंदू म्हणतात, आणि फ्रान्सच्या मारिऑत नावाच्या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच तो दाखवून दिला. कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर ठिपका काढा. डावा डोळा मिटून उजव्याने फुलीकडे पाहत कागद पुढे-मागे करा. साधारण एका फुटावर ठिपका गायब होतो. पण तिथे काळं भोक दिसत नाही बरं का! मेंदू आजूबाजूचा पांढरा कागद तिथे परस्पर भरून टाकतो. जुन्या व्हॅनचा चालक नेमकं हेच करतो. जे दिसलं नाही तिथे तो मनानेच मोकळा रस्ता भरून टाकतो. फरक एवढाच की दोन डोळे एकमेकांची उणीव भरून काढतात. एकाचा अंधबिंदू जिथे पडतो तिथलं दुसऱ्याला दिसतं. म्हणजे निसर्गाने उणीव ठेवली खरी, पण जोडीला दुसरा डोळाही दिला.

आणि इथेच माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या जुन्या गाड्यांनाही हा दुसरा डोळा होता. त्याचं नाव क्लिनर.

आठवा जरा. मेटॅडोर असो की ट्रक, चालकाबरोबर एक पोरगा असायचाच. गाडी मागे घ्यायची म्हटली की तो उडी मारून उतरायचा, मागे जाऊन उभा राहायचा आणि ‘येऊ द्या, येऊ द्या... जरा उजवं... बस बस बस!’ असं ओरडत पत्र्यावर थाप मारायचा. एस.टी.त हेच काम कंडक्टर करत आला. गाडी मागे घ्यायची तर तो खाली उतरणार, शिट्टी वाजवणार, मगच चाक फिरणार. एक घंटी थांबण्याची, दोन निघण्याची. त्या गाड्यांतून मागचं आजच्यापेक्षा काही जास्त दिसत नव्हतं. आंधळा कोपरा तेव्हाही होताच, पण तिथे माणूस उभा होता.

पुढे हिशेब झाला. क्लिनरचा पगार, त्याचं जेवण, त्याची एक सीट. ती सीट प्रवाशाला विकली तर प्रत्येक फेरीला पैसे सुटतात. म्हणून दुसरा डोळा काढून टाकला आणि गाडी एकट्या चालकाच्या हवाली केली. तेव्हा आजच्या व्हॅनचा आंधळा कोपरा जर्मनीत किंवा जपानमध्ये तयार झालेला नाही. तो आपण इथे, आपल्या वहीत, वजाबाकी करून तयार केलेला आहे. ‘दिसलं नाही’ याचा खरा अर्थ ‘बघायला माणूस ठेवला नाही’ असा आहे.

आता म्हणतात, यंत्र माणसाची जागा घेईल. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचा अडथळा सांगणारे सेन्सर सक्तीचे झाले, चांगलंच झालं. २०२५ साली मालवाहतूकदारांच्या संपात क्लिनरची सक्ती काढा ही एक मागणी होती, आणि त्यानंतर राज्य सरकारने चालकाला सावध करणारी यंत्रणा असलेल्या अवजड मालवाहनांना क्लिनरच्या अटीतून सवलत देण्याचा मसुदाही काढला. नव्या ट्रकला ते जमेल कदाचित. पण माझा प्रश्न जुन्या व्हॅनचा आहे. तिच्यात यंत्र कधी आलंच नाही आणि माणूस केव्हाच उतरवला. हजार-दोन हजारांचा कॅमेरा लावता येतो, लावावाही. पण पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीचा चिखल त्याच्या डोळ्यावर बसला की तोही आंधळा, आणि तो पुसायला पुन्हा खाली उतरावंच लागतं.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, भंगारात काढा या गाड्या. त्यांना विचारतो, ज्याचं पोट एका जुन्या व्हॅनवर आहे त्याला नवी कोण घेऊन देणार? आणि नवी घेतली तरी तिच्या मागच्या काचेला पडदा, पुढच्या काचेवर झालर, आरशाला लोंबणारी बाहुली, मागे छतापर्यंत बोचकी, हे सगळं तिच्यातही येणारच. मागच्या-पुढच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा कायदा आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली ती याच नियमाच्या आधारे. पण काचेवर अर्धा फूट उंच अक्षरांत ‘श्रींची कृपा’ लिहिलं की तिथून किती उजेड येतो हे विचारायची कोणाची छाती होत नाही. श्रींची कृपा आहेच हो, पण त्यांनी मागचं बघू नका असं कुठे सांगितलं आहे?

आमच्या गावात हा प्रश्न रोजचा आहे. गुरुवार, एकादशी, प्रकटदिन, ऋषिपंचमी, स्टेशनवर गाडी थांबली की माणसांचा लोंढा उतरतो. कडेवर मूल, हातात पिशवी, नजर कळसाकडे. ही माणसं आरशात बघत चालणार नाहीत, आणि त्यांनी तसं चालावं ही अपेक्षाही गैर आहे. पालखी पंढरपूरहून परतते तेव्हा तर खामगावपासून शेगावपर्यंत अख्खा रस्ताच पायी चालतो.

मंदिरात जाऊन बघा. एवढी गर्दी, पण ढकलाढकली नाही. का? कारण प्रत्येक वळणावर, प्रत्येक पायरीशी एक सेवेकरी हात जोडून उभा असतो. ‘माऊली, इकडून. माऊली, पायरी आहे.’ जिथे माणसाला दिसणार नाही तिथे दुसरा माणूस उभा करायचा, ही व्यवस्था आमच्या डोळ्यांसमोर रोज चालते, तिचं कौतुक करायला दुरून लोक येतात. आणि मंदिराबाहेर पडलं की तीच आपण माणसं दहा जण कोंबलेली व्हॅन एकट्या चालकाच्या अंदाजावर मागे घेऊ देतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

माझी मागणी मोठी नाही. जुन्या व्हॅनमधून माणसं नेणाऱ्याने डावा आरसा लावावा आणि उघडा ठेवावा. मागची काच रिकामी ठेवावी. गाडी मागे घ्यायची तर एक माणूस खाली उतरलाच पाहिजे. क्लिनर नसेल तर पुढच्या सीटवरच्या प्रवाशाने उतरावं, त्यात कमीपणा नाही. कोणीच नसेल तर चालकाने स्वतः उतरून गाडीला एक प्रदक्षिणा घालावी आणि लगेच निघावं, विडी ओढत बसू नये, कारण तेवढ्यात पोरं पुन्हा येतात. लेकरांची ने-आण करणाऱ्या गाड्यांसाठी राज्याने २०११ साली केलेल्या नियमांत सोबत मदतनीस हवा असं आहेच. पालकांनी महिन्याचे पैसे देताना तो कुठे आहे हे विचारावं. ‘त्याचे पन्नास रुपये जास्त पडतील’ असं उत्तर आलं तर द्यावेत. कचोरीवर याहून जास्त जातात.

आणि उरलेल्या आपण सगळ्यांनी एक करावं. पुढच्या वेळी कोणी ‘दिसलंच नाही नं सर’ म्हणाला की मान डोलावू नये. त्याला शांतपणे एकच विचारावं, ‘खाली उतरून पाहिलं होतंस का?’