न्यायालयाचा आदेश वर्गापर्यंत पोहोचायला हवा

विशेष प्रतिनिधी

उंब्रज - विशेष गरजा असलेल्या मुलाला शाळा दाद देत नाही म्हणून उंब्रजच्या एखाद्या पालकाला उच्च न्यायालयात जायचे झाले, तर पूर्वी मुंबई गाठण्यावाचून पर्याय नव्हता. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि सातारा, सांगलीसह सहा जिल्ह्यांचे हे अंतर कमी झाले. मात्र, आजवरच्या न्यायालयीन लढ्यांनी शाळांमध्ये नेमके काय बदलले, हे पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पालकांच्या दाव्यातून कायदा घडल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. पेनसिल्व्हेनियात मतिमंद मुलांच्या पालक संघटनेने १९७१ मध्ये राज्य सरकारला न्यायालयात खेचले. त्या लढ्याने १९७५ च्या राष्ट्रीय कायद्याची वाट मोकळी केली. मुलाची शैक्षणिक योजना ठरवताना पालकांचे म्हणणे ऐकणे तेथे बंधनकारक झाले.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने प्रवेशात भेदभाव न करणे, मुलाच्या गरजेनुसार सोयी देणे आणि अध्ययन अक्षमता लवकर ओळखणे ही शिक्षण संस्थांची जबाबदारी ठरवली. लेखनिक, वाढीव वेळ अशा परीक्षेतील सवलतींबाबत न्यायालयांनी ठाम भूमिका घेतली आहे. तरीही निकाल येईपर्यंत वेळ निघून जाते. लेखनाची अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला 'नीट' परीक्षेत वाढीव एक तास नाकारण्यात आला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा हक्क मान्य केला. फेरपरीक्षा मात्र दिली नाही.

पद मंजूर, पुढे काय?

सवलत परीक्षेपुरती असते. वर्षभर शिकवणार कोण, हा खरा प्रश्न आहे. 'सोशल ज्युरिस्ट' संस्थेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रत्येक शाळेत किमान दोन विशेष शिक्षक नेमण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा विशेष विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगितले. मार्च २०२५ मध्ये त्याच प्रकरणात सर्व राज्यांना पदे निश्चित करून भरतीचे आदेश द्यावे लागले. म्हणजे पहिल्या निकालानंतर तीन वर्षांहून अधिक काळ उलटला होता. पहिलीतले मूल एवढ्या काळात चौथीत जाते.

महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने कंत्राटी विशेष शिक्षकांवर चालत आले. राज्य सरकारने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. हे पाऊल स्वागतार्ह असले, तरी न्यायालयाचे प्रमाण मुलांच्या संख्येवर आहे आणि राज्याचे पद केंद्रामागे एक आहे. एका केंद्राखाली अनेक शाळा येतात. फिरत्या शिक्षकाची व्यवस्था न्यायालयाने केवळ तात्पुरती म्हणून मान्य केली होती, याचा विसर पडता कामा नये.

तक्रारीची धास्ती

शहरातील पालक शाळा बदलू शकतो. गावात शाळा मोजक्या, शिक्षक ओळखीचे; तक्रार केली तर त्याचा राग मुलावर निघेल, ही धास्ती असते. त्यामुळे अनेक प्रकरणे मुख्याध्यापकांच्या दालनातच विरतात. अशा पालकांसाठी थेट याचिकेआधीची पायरी म्हणजे पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार. चौकशीसाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत आणि त्यांच्या शिफारशीवर काय केले, हे संबंधित यंत्रणेला तीन महिन्यांत कळवावे लागते. त्यासाठी शाळेला दिलेला लेखी अर्ज आणि त्याची पोच पालकाच्या हाती असावी.

न्यायालयांनी शासनाला पदे निर्माण करायला लावली. आपल्या केंद्रातील पद भरले का आणि तो शिक्षक आठवड्यातून किती वेळा शाळेत येतो, हे विचारण्याचे काम मात्र पालकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनाच करावे लागेल.